बाबोलात, विल्सन, हेड की योनेक्स? घरातल्या तिघांसाठी टेनिस रॅकेट

फोंडेकर:
तीन रॅकेट घ्यायच्यात. मी चाळिशीतला, नुकताच शिकायला लागलोय. मुलगी १० वर्षांची, उंची साडेचार फूट. धाकटा भाऊ आठवड्यातून चार दिवस खेळतो. टॉपस्पिनवर (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देण्यावर) जोर, पण हल्ली कोपर दुखतं. सध्या त्याच्याकडे बाबोलात प्युअर ड्राइव्ह आहे, पॉलिएस्टर गटिंग (तारा) ५५ पौंडांच्या ताणावर. कुणाला कोणती कंपनी बरी? आणि आपल्या दमट हवेचा काही परिणाम होतो का?

मिरामार_बेसलाइन:
कंपनीचं नाव शेवटी बघा. चारही कंपन्या सगळ्या पातळ्यांसाठी रॅकेट काढतात. आधी फ्रेमचे आकडे वाचा: गटिंगशिवाय वजन आणि रॅकेटच्या हेडचा, म्हणजे तारांच्या भागाचा, आकार.

तुम्हाला १०० ते १०५ चौरस इंच, २७० ते २८५ ग्रॅम. विल्सन क्लॅश १०० एल (२८० ग्रॅम), योनेक्स ईझोन १०० एल (२८५) किंवा प्युअर ड्राइव्ह टीम (२८५). कोपर-खांदा नाजूक असेल तर क्लॅश, कारण तिची फ्रेम जास्त लवते. दुकानदार २३० ग्रॅमची, ११५ चौरस इंच हेडची रॅकेट पुढे करील. पहिला महिना मजा येते, पण समोरून जोरात चेंडू आला की ती हातात फिरते. अ‍ॅल्युमिनियमची तर नकोच. गळ्यापाशी प्लास्टिकचा वेगळा तुकडा बसवलेला दिसला की समजा, अख्खी ग्रॅफाइटची नाही.

मुलीला २५ इंच लांबीची. हात सरळ खाली सोडून रॅकेट धरायला सांगा, टोक जमिनीला जेमतेम टेकलं पाहिजे. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून २७ इंची घेऊ नका. शाळेचा गणवेश नव्हे तो. लांब रॅकेट वेळेवर पुढे येत नाही, मग मुलं मनगटाने चेंडू ढकलायला लागतात आणि ती सवय सुटता सुटत नाही.

म्हापसा_गटिंगवाला:
भावाने रॅकेट बदलण्याआधी गटिंग बदलावं. प्युअर ड्राइव्ह मुळात कडक, त्यात पॉलिएस्टर, तेही ५५ वर. कोपर दुखणारच. पॉलिएस्टर तुटत नाही म्हणून लोक सहा-सहा महिने तेच वापरतात, पण तुटण्याच्या कितीतरी आधी ते मरतं. ओळखायचं कसं? फटक्यानंतर उभ्या तारा बाजूला सरकतात आणि तिथेच राहतात. ताज्या तारा आपोआप जागेवर येतात. मेलेल्या तारांवर ताबा राहत नाही, मग खेळणारा मूठ आणखी आवळतो आणि सगळा भार कोपरावर.

उपाय: सगळं मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंची मऊ तार), ५२ पौंड. स्पिन सोडवत नसेल तर उभं पॉलिएस्टर ४८ वर, आडवं मल्टिफिलामेंट ५० वर. आठवड्यातून चार दिवस खेळणाऱ्याने वर्षातून निदान चारदा गटिंग करावं. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही तरच ईझोन १०० (३०० ग्रॅम) किंवा क्लॅश १०० (२९५). दुखणं वाढलं तर मात्र वाट न पाहता डॉक्टरला दाखवा.

विल्सन ब्लेड ९८ पण मऊ आहे, ३०५ ग्रॅम. मात्र पूर्ण स्विंग लागतो आणि मधोमध न लागलेला चेंडू जाळ्यात जातो. फेडररच्या नावाची ३४० ग्रॅमची प्रो स्टाफ भिंतीवर छान दिसते.

मिरामार_बेसलाइन:
ब्लेडबद्दल थोडा मतभेद. स्विंग लांब असेल तर तिच्यावर ताबा मिळतो तसा क्लॅशवर मिळत नाही. पण दुखऱ्या कोपराला आत्ता क्लॅशच, हे मान्य.

म्हापसा_गटिंगवाला:
हवेचं राहिलं. ग्रॅफाइटला दमटपणाने काही होत नाही. नॅचरल गट (जनावराच्या आतड्याची तार) मात्र ओल शोषून फुगतं आणि उसवतं, जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जाऊ नका. भर उन्हात बंद गाडीत रॅकेट ठेवली तर तारा ढिल्या पडतात आणि मुठीखालचा गोंदही सुटतो.

खरा त्रास घामाचा. चिकट ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) घामाने निसरडी होते. कोरड्या जातीची घ्या, टूर्नाची फिकट निळी मिळते ती. ओली झाली की जास्त धरते, फाटते मात्र लवकर, तीन-चार खेळांत बदलायची. तिने मूठ अर्ध्या मापाने जाड होते, म्हणून मुठीच्या एल २ आणि एल ३ या मापांमध्ये अडलात तर एल २ घ्या. मूठ जाड करता येते, बारीक करणं कठीण.

फोंडेकर:
म्हणजे भावाचं आधी गटिंग, मुलीला २५ इंची. माझी क्लॅश १०० एल दुकानात नुसती हातात धरून कळेल का?

मिरामार_बेसलाइन:
नाही. कुणाची तरी मागून घ्या आणि अर्धा तास खेळल्यावर दहा सर्व्हिस मारा. हेड मागे राहायला लागलं की वजन तुम्हाला जास्त होतंय.