हौशी ड्रॅग रेसिंग: आधी क्लास ठरवा, इंजिन मागाहून

धागाकर्ता:
ड्रॅग रेसिंगमध्ये (दोन गाड्यांची सरळ पट्ट्यावरची पाव मैलाची शर्यत) नवीन लोक आधी इंजिन घेतात आणि मग ते कुठल्या क्लासात, म्हणजे स्पर्धेच्या गटात, बसेल, हे शोधत बसतात. हे उलटं व्हायला हवं. एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संघटनेच्या स्टॉक एलिमिनेटर (जवळपास मूळ रूपातल्या गाड्यांच्या) विभागात गाडीचं नोंदलेलं वजन भागिले इंजिनची मानलेली अश्वशक्ती, यावरून क्लास ठरतो. मानलेली, म्हणजे संघटनेच्या यादीत असलेली. इंजिन खरोखर किती देतं हा वेगळा हिशेब, आणि खरी मेख त्या फरकातच आहे. १९६८ मध्ये फोर्डने ४२८ कोब्रा जेट हे इंजिन कागदावर ३३५ अश्वशक्तीचं दाखवलं. देत होतं बरंच जास्त. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत ड्रायव्हर अल जोनिएक त्या इंजिनावर सुपर स्टॉक विभाग जिंकला. म्हणून माझं म्हणणं, यादी आधी वाचा. साधं ३५० घनइंचांचं स्मॉल ब्लॉक (लहान व्ही-८) इंजिन योग्य वजनाच्या गाडीत बसवलं तर पुरेसं आहे.

बिगब्लॉकवाला:
अजिबात पटलं नाही. यादीतला असा फायदा टिकत नाही. वेळ इंडेक्सच्या, म्हणजे क्लाससाठी ठरवलेल्या वेळेच्या, फार खाली गेली की मानलेली अश्वशक्ती वाढवतात, मग तुमचं गणित कोसळतं. त्यापेक्षा सुपर गॅस हा विभाग घ्या. इंडेक्स सरळ ९.९० सेकंद (त्याखाली गेलात की बाद), अश्वशक्ती कुणी विचारत नाही. ४५४ घनइंचांचं बिग ब्लॉक (मोठं इंजिन) फार न ताणता बांधायचं, मोकळं सोडलं तर ९.५० मारेल इतकं, आणि थ्रॉटल स्टॉपने (शर्यतीत थोडा वेळ थ्रॉटल आपोआप रोखणारं साधन) ९.९० वर आणायचं. दुपारी हवा तापून इंजिन मंदावलं तरी हाताशी ताकद शिल्लक राहते. इंजिनवर ताण कमी, म्हणून ते टिकतंही.

धागाकर्ता:
ताणाचा मुद्दा मान्य. स्टॉकमध्ये कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते, मूळचीच ठेवावी लागते, ड्युरेशन, म्हणजे तो किती वेळ उघडा राहतो ते, मात्र मोकळं. त्यामुळे लोब (कॅमचा उंचवटा) जवळजवळ चौकोनी होतो, व्हॉल्व्ह झटक्यात उघडतो-मिटतो आणि आधी मरते ती व्हॉल्व्हची स्प्रिंग. कव्हर काढून स्प्रिंगचा दाब मोजत राहावंच लागतं. पण ९.९० म्हणजे गाडीत सुरक्षेचा पिंजरा आणि रेसिंगचं लायसन्स दोन्ही आलं. पहिल्याच हंगामात नवख्याला तिथे ढकलायचं?

तिसरा मेंबर:
मग मधला रस्ता सुपर स्ट्रीट हा विभाग, इंडेक्स १०.९०. रोल बार (पिंजऱ्याचं साधं रूप) लागेल, पण ९.९९ वा त्याहून वेगवान गाड्यांना लागणारं ते रेसिंगचं लायसन्स नको. झाडाचे, म्हणजे सुरुवातीच्या दिव्यांच्या खांबाचे, पिवळे दिवे मात्र इथेही एकदमच लागतात, एकामागून एक नाही. त्याची सवय लवकर झालेली बरी.

बिगब्लॉकवाला:
हे पटतंय. तरी इंजिन मोठंच घ्या, म्हणजे पुढे ९.९० ला जाताना पुन्हा खर्च नको.

धागाकर्ता:
इथेच आपलं जमत नाही. तुम्ही फक्त इंडेक्स पाहताय. स्टॉकमध्ये एकाच क्लासातल्या दोन गाड्या समोरासमोर आल्या की हँडिकॅप (हळू गाडीला आधी सोडणं) नाही आणि ब्रेकआउटही (ठरलेल्या वेळेखाली गेल्याने बाद होणं) नाही. जो आधी पोहोचला तो जिंकला. ब्रेक दाबून वेळ लपवता येत नाही, इंजिन किती नीट बांधलंय ते पाव मैलाच्या १३२० फुटांत उघडं पडतं. माझ्या दृष्टीने खेळाचा गाभा हाच. तुमच्या ९.९० मध्ये थ्रॉटल स्टॉप ती ताकद दाबून टाकतो, मग ती विकत कशाला घ्यायची? आणि स्टॉकमध्ये वजन कमी-जास्त करून शेजारच्या क्लासात सरकता येतं, तेव्हा गर्दीच्या क्लासातून बाहेर पडायची सोय इंजिन न बदलता मिळते.

बिगब्लॉकवाला:
ती सोय चांगली, पण समोरासमोरची शर्यत म्हणजे ज्याचा खिसा मोठा त्याची. ९.९० वर निकाल ड्रायव्हर लावतो. नवख्याला मी तिथेच पाठवेन.