हवामान मारतं की वैमानिकाचा हट्ट?

खिडकीवाला (धागाकर्ता):

परवा गप्पांत जॉन केनेडीचा, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या मुलाचा, विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, "धुक्यामुळे गेला बिचारा." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

१६ जुलै १९९९. स्वतःचं पायपर साराटोगा, एका इंजिनाचं छोटं विमान. सोबत बायको कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडायचं आणि पुढे हायनिसला चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं, असा बेत. संध्याकाळी लवकर निघायचं होतं, पण उशीर होत गेला. न्यू जर्सीच्या एसेक्स काउंटी विमानतळावरून रात्री ८.३८ ला उड्डाण झालं आणि ९.४१ च्या सुमारास विमान समुद्रात कोसळलं. तिघंही गेले.

आता बघा. पठ्ठ्याचा एकूण अनुभव ३१० तासांच्या आसपास. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान चालवायचं जे वेगळं प्रमाणपत्र असतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, ते नव्हतं. त्याचा अभ्यासक्रम अर्धवट झालेला. त्या दिवशी एका प्रशिक्षकाने "मी येऊ का सोबत?" असं विचारलं होतं, त्याला याने नको म्हटलं. उडाल्यावर वाटेत कुठल्याही नियंत्रण कक्षाशी बोलला नाही. यात हवामानाचा काय दोष? हवा जशी होती तशी होती. गेला तो स्वतःच्या हट्टाने, आणि सोबत दोघींना घेऊन गेला.

मीनल_एडिसन:

असहमत. मी न्यू जर्सीतच राहते म्हणून लिहिते. तुम्ही "धुकं" म्हणताय, डोळ्यांसमोर माळशेज घाट येतो. ते तसं नव्हतं. इथे जुलैत दमट, उकाड्याचे दिवस असतात तेव्हा हवेत एक मळकट पडदा धरतो. जमिनीवरून मान वर करून पाहाल तर चांदण्यासुद्धा दिसतात. पण आडवं, लांबवर बघायला गेलं की समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही.

त्याने निघण्यापूर्वी इंटरनेटवर हवामान बघितलं होतं. अंदाज ठीक होता, दृश्यता नियमात बसत होती. त्याच संध्याकाळी त्या बाजूने शेजारच्या नॅन्टकेट बेटावर गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाने चौकशीत सांगितलं की मार्थाज व्हिनयार्डच्या बाजूला दिवेच दिसेनात, बेटावरची वीज गेली असावी असं वाटलं. म्हणजे गडबड फक्त याच्या डोळ्यांची नव्हती. नियमाने परवानगी दिली आणि अंदाजाने हिरवा कंदील दाखवला, तर माणसाला एकट्यालाच हट्टी कसं म्हणायचं?

फ्लॅप_फुल:

मीनलताईंशी बराचसा सहमत. मी धुळ्याला विमान चालवायला शिकलो, पुढे पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळलो. "हट्ट" हा शब्द वापरण्यापूर्वी त्या खुर्चीत काय होतं ते तरी समजून घ्या.

शिकवताना डोक्यावर एक झापड चढवतात, आम्ही त्याला हूड म्हणायचो. बाहेरचं काही दिसत नाही, समोरची तबकडी तेवढी दिसते. प्रशिक्षक हळूच विमान उजवीकडे कलवतो. वळण पुरेसं सावकाश असेल तर कानाला ते कळतच नाही. आतल्या कानातल्या नळ्यांमधलं पाणी हललं तरच मेंदूला बातमी जाते, आणि एकसारखं वळत राहिलात तर थोड्या वेळात ते पाणीही नळ्यांच्या बरोबरीने फिरू लागतं. झालं, बातमी बंद. तुम्ही निवांत, ताठ बसलेले. समोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारी तबकडी, मात्र तिरकं. आणि खरी मजा पुढेच. तबकडीचं ऐकून विमान सरळ केलंत की अंग ओरडून सांगतं, "अरे, डावीकडे पडतोयस!" हात आपोआप परत उजवीकडे जातो. नाक खाली, वेग वाढतो. घाबरून दांडा मागे ओढावा तर गिरकी आणखी आवळते. याला ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. केनेडीच्या विमानाची रडारवरची शेवटची नोंद बघा: उजवीकडे ४५ अंशांहून जास्त कललेलं आणि मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येणारं.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला होता. इन्स्ट्रुमेंटचा अनुभव नसलेल्या २० जणांना हवेत ढगात शिरल्यासारख्या स्थितीत आणलं. सगळ्यांच्या हातून विमानाचा ताबा गेला. सरासरी वेळ १७८ सेकंद. वीसपैकी वीस हट्टी होते का?

बाबूराव_टांगेवाले:

अमेरिकेतले श्रीमंत कशाला हवेत, आपलं केदारनाथ बघा की. १५ जून २०२५, पहाटे, गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर पडलं, सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले भाविकही होते. दरीत ढग. ठरलेल्या वेळेआधीच उडवलं म्हणून कंपनीच्या व्यवस्थापकांवर गुन्हा दाखल झाला. तिथे पायलटचा हट्ट की धंद्याचा?

(हेलिकॉप्टर म्हणजे विमान नव्हे, हे कोणीतरी सांगायला येईलच. माहीत आहे.)

खिडकीवाला:

फ्लॅपभाऊ, तुमचे १७८ सेकंद मान्य. एकदा आत शिरल्यावर सगळेच फसतात, यावर वाद नाही. पण म्हणूनच तर माझा मुद्दा पक्का होतो! ते सेकंद सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे किती वेळ होता? सूर्य बुडाला, तेव्हा तो अजून जमिनीवर होता. प्रशिक्षकाने विचारलं, तेव्हा जमिनीवर होता. हवेत गेल्यावरही कनेक्टिकटचा किनारा धरून चालला होता, खाली शहरांचे दिवे, वाटेत उतरायला विमानतळ. ऱ्होड आयलंडच्या पॉइंट जूडिथपाशी किनारा सोडला आणि सुमारे ३० मैल काळ्या पाण्यावरून सरळ बेटाकडे निघाला. इथे कानातलं पाणी कुठे आलं? इथे शाबूत डोक्याने घेतलेला निर्णयच आहे. इन्स्ट्रुमेंट येत नसेल तर दिवे सोडायचे नाहीत, एवढंच.

मीनलताई, नियमात बसतं म्हणजे आपल्याला झेपतं, असं कोणी सांगितलं? समुद्रावर बंदी नसली तरी पोहता न येणारा खोल पाण्यात जात नाही.

शंकेखोर:

धागाकर्त्याचा सगळा डोलारा "शिकाऊ होता, रेटिंग नव्हतं" यावर उभा आहे. मग बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं काय? २६ जानेवारी २०२०, कॅलाबासास, कॅलिफोर्निया. पुन्हा हेलिकॉप्टर, बाबूराव खूश. पायलटचे हजारो तास, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही होतं. ढगात शिरला, नियंत्रकाला सांगितलं की ४,००० फुटांवर चढतोय, आणि त्याच वेळी यंत्र डावीकडे वळत खाली जात होतं. नऊ जण गेले. त्या अपघाताच्या चौकशी अहवालात निर्णयाचा दोष पायलटवर ठेवलाच, पण स्वतःच ओढवून घेतलेला दबाव आणि कंपनीची ढिली देखरेख हेही लिहिलं.

जुनं उदाहरण घ्या. गायक बडी हॉली, ३ फेब्रुवारी १९५९, आयोवा. बीचक्राफ्ट बोनान्झा, २१ वर्षांचा पायलट, बाहेर बर्फ. चौकशीत "अविचारी निर्णय" म्हटलं गेलं. पण त्याच अहवालात हेही आहे की हवामानाचे महत्त्वाचे इशारे त्याच्यापर्यंत पोचवलेच गेले नव्हते. आणि त्या विमानातलं कृत्रिम क्षितिज तो ज्यावर शिकला त्याच्या उलट दाखवणारं होतं. नाक वर की खाली, हे वाचण्यातच गोंधळ व्हावा! लोकांच्या लक्षात काय राहिलं? पोरगा आगाऊ होता.

मेलेला पायलट प्रतिवाद करायला येत नाही. त्याच्यावर ढकललं की बाकी सगळे मोकळे.

मीनल_एडिसन:

शंकेखोर, +१. आणि पोहण्याचं उदाहरण चुकीचं आहे. पाणी खोल आहे हे दिसतं. इथे पडदा आहे हेच दिसत नव्हतं.

खिडकीवाला:

दिसत नव्हतं कसं? त्याच विमानतळावरच्या एका वैमानिकाने तो पडदा बघून स्वतःचं उड्डाण त्या संध्याकाळी रद्द केलं होतं. तीच हवा, तोच अंदाज. एक थांबला, एक गेला. फरक माणसात होता.

सांगलीकर_नाना:

दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या मते भांडण पायलटवर आणि हवेवर चाललंय, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. ३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले आणि मैनपुरीजवळ खराब हवेत विमान कोसळलं. तेव्हापासून निवडणूक आली की मला एकच प्रश्न पडतो: पगारी पायलटने "आज नको, साहेब" म्हटलं तर पुढच्या महिन्यात त्याला काम कोण देतं? केनेडी स्वतः मालक आणि स्वतःच चालक, त्याला "नको" म्हणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून त्याच्या बाबतीत मी खिडकीवाल्यांच्या बाजूने. चार्टरच्या, म्हणजे भाड्याच्या विमानांच्या बाबतीत शंकेखोरांच्या.

फ्लॅप_फुल:

नाना, मालक-चालकालाही मागच्या सीटचं ओझं असतंच. लग्नघर वाट बघतंय, मेहुणीला शब्द दिलाय, आधीच उशीर झालाय. आम्ही याला "पोचायचंच" रोग म्हणायचो, इंग्रजीत गेट-देअर-आयटिस. साहेब ओरडायची गरज नसते.

म्हणून मला नियम जास्त भरवशाचा वाटतो. आपल्याकडे रात्री नुसतं बाहेर बघून एका गावाहून दुसऱ्या गावाला छोटं विमान नेता येत नाही. अमेरिकेत साध्या खासगी परवान्यावर नेता येतं, तेव्हाही येत होतं. आपला नियम तिथे असता तर ८.३८ ला ते विमान हललंच नसतं.

खिडकीवाला:

नियमाने सगळं भागलं असतं तर फुटबॉलपटू एमिलियानो साला आज जिवंत असता. जानेवारी २०१९, नांतहून कार्डिफ, पायपर मालिबू, रात्र. ब्रिटनमध्ये रात्रीसाठी वेगळं रेटिंग लागतं, ते पायलटकडे नव्हतं. पैसे घेऊन माणसं नेण्याचा परवानाही नव्हता. तरी नेलंच.

शंकेखोर:

उदाहरण स्वतःच्याच विरोधात दिलंत! ते उड्डाण जमवणाऱ्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. शिवाय सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला, एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये येत होता. म्हणजे यंत्रही आलं, दलालही आला. एकटा पायलट कुठे राहिला?

बाबूराव_टांगेवाले:

फ्लॅपभाऊ, आपल्याकडचा नियम लय भारी हे मान्य. पण आपल्याकडे लग्नाला स्वतःचं विमान घेऊन जाणारे हौशी आहेत तरी किती? नियमाने जीव वाचले म्हणायला आधी उडणारे पाहिजेत. जे खरोखर उडतात, ते केदारनाथला दिवसाउजेडी नियमातल्या वेळा मोडून. त्यावर काय उपाय ते सांगा, केनेडी राहू द्या.