मदत हवी आहे: ‘फोस्टर’ला मराठीत काय म्हणू?

आयरिश लेखिका क्लेअर कीगनची फोस्टर ही छोटी कादंबरी कोणी वाचलीये का? १९८१ चा उन्हाळा, आयर्लंडमधलं वेक्सफर्ड, घरात पोरांची रांग, आई परत गरोदर, म्हणून बाप मुलीला आईकडच्या नातलगांच्या शेतावर सोडून जातो आणि तिचं सामान उतरवायचंच विसरतो. पहिल्या रात्री गादी ओली होते तर तिला ठेवून घेणाऱ्या किन्सेलाबाई तिला काही म्हणजे काही बोलत नाहीत, जुन्या गादीलाच ओल येते म्हणतात, मला तिथे रडूच आलं. आमच्या वाचनगटासाठी लिहितेय पण फोस्टरला, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं याला, शब्दच सुचेना. दत्तक नाही, ती परत जाते ना. पोसलेली म्हटलं की उपकार वाटतात. तुमच्या गावाकडे अशा मुलीला काय म्हणतात? प्लीज सांगा, शनिवारपर्यंत हवंय.