मर्जसाठी संथ आर्किटेक्चरची वाट पाहावी का?

मूळ मांडणी

ग्नू गीक्स या मुक्त सॉफ्टवेअर वितरणात ज्या बदलामुळे ३०० पेक्षा जास्त पॅकेजे पुन्हा बिल्ड करावी (मूळ कोडपासून तयार करावी) लागतात, तो बदल थेट मुख्य शाखेत घेतला जात नाही. त्यासाठी वेगळी शाखा काढतात, मर्जची (ती मुख्य शाखेत मिसळण्याची) विनंती नोंदवतात आणि रांगेत पहिला क्रमांक लागला की बिल्ड फार्मला, म्हणजे सर्वांसाठी तयार बायनरी बनवणाऱ्या यंत्रांना, पुरेसा वेळ देतात. वाद या ‘पुरेसा’ शब्दाचा आहे. एक्स८६-६४ या नेहमीच्या पीसींच्या आर्किटेक्चरची (प्रोसेसर-प्रकाराची) पॅकेजे तयार झाली एवढ्यावर मर्ज करू नये, एआर्म प्रोसेसरच्या एआर्च६४ च्या बायनरीही बहुतांशी तयार होईपर्यंत थांबावे, असे माझे ठाम मत आहे.

बायनरी तयार नसेल तर पॅकेज वापरणाऱ्याच्याच यंत्रावर बिल्ड होते; तेव्हा काय होते ते पाहा. गीक्समध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरची साखळी एमरस्टसी या वेगळ्या कंपायलरपासून सुरू होते आणि प्रत्येक आवृत्ती पुढच्या आवृत्तीला बिल्ड करते. ४ जीबी मेमरीच्या एआर्म बोर्डावर एखाद्याने सहज ‘गीक्स अपग्रेड’ दिले, तर ही साखळी मध्येच कुठेतरी मेमरी संपून तुटते आणि त्याला एक साधा प्रोग्रामही अद्ययावत करता येत नाही.

प्रतिसाद १ : असहमत

आपली कळकळ समजते, पण थांबण्याचीही किंमत असते आणि ती सर्वांना मोजावी लागते. पूर्वी सगळे खोलवरचे बदल एकाच ‘कोअर-अपडेट्स’ शाखेत साचत असत. डिसेंबर २०२१ नंतरचे असे मोठे मर्ज थेट एप्रिल २०२३ मध्ये झाले, आणि ३५७ बाइटच्या बीजापासून (इवल्याशा पहिल्या प्रोग्रामपासून) संपूर्ण प्रणाली उभी करण्याचे मोलाचे काम त्याच मर्जमधून मुख्य शाखेत पोहोचले. शाखा थांबते तेव्हा मुख्य शाखा थांबत नाही. रोजचे कमिट (नोंदवलेले बदल) पडत राहतात, दोन शाखांतील बदलांचे संघर्ष वाढतात, म्हणून मुख्य शाखा पुन्हा आत ओढावी लागते. त्यात मुळाजवळचे एक जरी पॅकेज बदललेले असले, तरी त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांचे हॅश (बिल्डची ओळख ठरवणारे आकडे) बदलतात आणि संथ यंत्रांवर होत आलेले बिल्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे ज्यांच्यासाठी थांबायचे, त्यांचेच काम आपण वाढवतो.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

म्हणूनच, पहिला क्रमांक लागल्यावर मुख्य शाखा आत ओढणे बंद करावे. सुरक्षेची निकड असेल तर ग्राफ्ट आहेतच. सगळे पुन्हा बिल्ड न करता दुरुस्त लायब्ररी जोडता येते.

प्रतिसाद १

ग्राफ्ट चालतो तो एबीआय (तयार प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातील जोडणीची रचना) तोच राहिला तर. शिवाय साचलेले ग्राफ्ट काढण्यासाठीच अशा शाखा लागतात. त्या रोखून ग्राफ्टवर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

प्रतिसाद २

डेबियन या लिनक्स वितरणाचा दाखला इथे उपयोगी पडेल. २०३८ च्या (३२-बिट वेळमोजणी संपण्याच्या) अडचणीसाठी २०२४ मध्ये तेथे ३२-बिट आर्किटेक्चरवर टाइम_टी हा वेळ साठवण्याचा प्रकार ६४-बिट करण्यात आला, आणि लिबएसएसएल३ चे लिबएसएसएल३टी६४ व्हावे तशी असंख्य लायब्ररींची नावे बदलावी लागली. त्यातून आय३८६ हे जुन्या ३२-बिट पीसींचे आर्किटेक्चर मात्र वगळले, कारण जुन्या बायनरी चालत राहणे हाच त्याचा मुख्य उपयोग उरला होता. कोणत्या आर्किटेक्चरला काय मिळणार हे तेथे उघडपणे सांगितले गेले. मर्जच्या दिवशी ठरवण्यापेक्षा विनंती नोंदवतानाच तसे लिहिले, तर निदान एआर्म बोर्डवाल्याला अपग्रेड कधी करायचे ते कळेल. तरीही दोघांपैकी एकाची बाजू घ्यायचीच झाली, तर मी थांबण्याच्या बाजूने आहे.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

हे मान्य. बहुतांश पॅकेजे हा आग्रह मी सोडतो. पण जीसीसी (कंपायलर), रस्ट आणि लिनक्स-लिब्र (कर्नल) या तिन्हींच्या एआर्च६४ बायनरी हाती आल्याशिवाय मर्ज होऊ नये, एवढी अट पुढच्या विनंतीत घालावी.

प्रतिसाद १

रस्टला माझा अजूनही विरोध आहे. त्या एका साखळीसाठी रांगेतल्या मागच्या सगळ्या शाखा अडतील. उरलेल्या दोन्हींना हरकत नाही.