समुद्राच्या पाण्यात युरीएजची पारा-चाचणी चालेना, काय करू?

उदगीरची_बायोकेम
नमस्कार. लातूरला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे, एन्झाइम वापरून समुद्राच्या पाण्यातले विषारी धातू ओळखणे. युरीएज हे एन्झाइम विकतचं परवडेना म्हणून सोयाबीनच्या पिठाचा अर्क काढला. सोबत युरिया आणि फिनॉल रेड (पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य). युरीएज युरिया फोडून अमोनिया सोडतं, त्यानं पीएच चढतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये झकास चालतं: नुसता अर्क असला की पिवळ्याचं गुलाबी होतं, मर्क्युरिक क्लोराइड टाकलं की पिवळंच राहतं. मावसभावानं अलिबागहून बिसलेरीच्या बाटलीत पाणी आणून दिलं. त्यात फिनॉल रेड टाकलं तर अर्क घालायच्या आधीच गुलाबी! फॉस्फेट बफर घातला तर पाणी गढूळ झालं. गाईड म्हणतात, पाणी खराब असेल, दुसरं मागवा.

पेंडवाला_लातूर
ताई, पाणी चांगलंय, दुसरं मागवू नका. समुद्राचा पीएचच 8.1 च्या आसपास. फिनॉल रेड 6.8 ते 8.2 मध्ये रंग बदलतं, मग ते गुलाबी होणारच. शिवाय त्या पाण्यात बायकार्बोनेट असल्यानं अमोनिया सुटला तरी पीएच सहज हलत नाही. आणि लिटरला जवळपास 400 मिलिग्रॅम कॅल्शियम, 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम. फॉस्फेट त्यांच्याशी बसून गढूळ होतं. हेपेस बफर घ्या, त्यात फॉस्फेट नसतं.

मी सॉल्व्हंट प्लांटच्या लॅबमध्ये आहे. रोज डीओसीचं (तेल काढलेल्या सोयापेंडीचं) युरीएज बघतो: पीएच 0.05 ते 0.20 वाढला की पेंड नीट भाजली गेली. तिथं पीएचवर भागतं, समुद्राच्या पाण्यात नाही भागत. तुम्ही सुटलेला अमोनियाच मोजा, इंडोफिनॉलच्या निळ्या रंगानं, सायट्रेट घालून, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमनं गढुळणार नाही. अमोनिया मोजायचं नेसलरचं द्रावण नको, मॅग्नेशियमनं तेही गढुळतं आणि वर त्यातच पारा असतो!

दुसरं म्हणजे अर्क. पारा युरीएजमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला धरतो, म्हणून एन्झाइम बंद पडतं. पण सोयाच्या अर्कात इतरही ढीगभर प्रथिनं, त्यांच्याकडंही गंधक. थोडा पारा तीच गिळतात, युरीएज मजेत चालू राहतं. अर्क होईल तितका पातळ करा. आधी पाण्याबरोबर मुरू द्या, युरिया सगळ्यात शेवटी. घाई केली तर पारा असूनही दिसत नाही.

खाडीकाठ_रत्नागिरी
बाटलीबद्दल कुणी बोललं नाही. प्लास्टिकच्या बाटलीत नुसतं पाणी ठेवलं तर पारा भिंतीला चिकटतो, शिवाय उडूनही जातो. काच किंवा टेफ्लॉन, आम्लानं धुतलेली, आणि भरताक्षणी आम्ल. चाचणीआधी ते उदासीन करायला विसरू नका, नाहीतर एन्झाइम आम्लानंच मरेल आणि तुम्ही म्हणाल पारा सापडला.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. खुल्या समुद्रात पारा लिटरला एक नॅनोग्रॅमच्याही खाली असतो. अशा चाचण्यांची मजल साधारण मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे हजारपटीनं कमी पडतात. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी चाळणी म्हणून ठीक.

उदगीरची_बायोकेम
सर, म्हणजे पीएचचा नादच सोडते. पण एन्झाइम बंद पडलं तर ते पाऱ्यानंच पडलं हे कसं सांगायचं? आणि घरी हुलगे आहेत, ते चालतील का?

पेंडवाला_लातूर
हुलग्यात युरीएज असतं, चालेल. पातळ करण्याचं पथ्य तेच.

पाऱ्यानंच पडलं, हे एकट्या युरीएजवरून सांगता येत नाही. चांदी, तांबंसुद्धा ते बंद पाडतात. परीक्षेत बाहेरचे सर नेमकं हेच विचारतील. एका नळीत नंतर सिस्टीन घाला. एन्झाइम परत चालू झालं तर निदान गंधक धरणारा धातू होता एवढं कळतं, मिठानं किंवा पीएचनं बंद पडलेलं तसं उठत नाही. धातूचं नाव ठरवायला अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनच (धातू ओळखून मोजणारं यंत्र) लागेल, एखाद्या मोठ्या लॅबकडं पाठवा.

पाऱ्याचा आलेख (किती पाऱ्याला एन्झाइम किती बंद पडतं त्याचा) डिस्टिल्ड वॉटरमध्ये काढून समुद्राला लावू नका. लिटरला 19 ग्रॅम क्लोराइड असतं, पारा त्याला बांधला जातो आणि एन्झाइमवरचा असर बदलतो. त्याच समुद्राच्या नमुन्यात मोजून पारा घालत जा, त्यावरून मागं हिशेब करा. सरावाला पाणी इथंच बनवा: सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमची क्लोराइडं, मॅग्नेशियम सल्फेट आणि थोडा खायचा सोडा. किराणातलं मीठ नको, त्यात आयोडीन असतं.

पाऱ्याचं उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवा, झाकणावर ‘पारा’ असं लिहा.