'सुप्त इच्छा' म्हणावं की 'वासना'?

गोदाकाठ: गंगापूर रोडच्या आमच्या वाचन मंडळात बायकांच्या मनातल्या, न बोललेल्या इच्छांवरच्या सिनेमांबद्दल बोलायचं आहे. टिपणात 'सुप्त इच्छा' लिहिलं तर मानसशास्त्राचं पुस्तक वाटतं. 'वासना' लिहिलं तर काहीजणी येणारच नाहीत. काय लिहू?

पंचवटीकर: वासनाच लिहा. तापातून उठलेल्या माणसाची 'अन्नावर वासना नाही' असं आपल्या घरांत अजून म्हणतात. रामकुंडावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की 'वासना कशात अडकली?' म्हणून एकेकजण पुढे येऊन शब्द देतो. माझ्या आत्याच्या वेळी नातवाचं लग्न, घराचं कर्ज, सगळं बोलून झालं. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कुणाला सुचलंच नाही. शब्द तोच, पण जिवंत बाईला लावला की लगेच शिवी होते, याचा मला मनापासून राग येतो.

सातपूरची वाचक: 'डोहाळे' विसरू नका. 'काय खावंसं वाटतंय?' असं बाईला कौतुकाने विचारायचं, तेही पोटात बाळ असतं तेव्हाच. 'हौस' म्हटलं की लगेच साडी आणि नथ. 'ओढ' मात्र चांगला आहे. 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'मध्ये (२०२४, कान महोत्सवात ग्राँ प्री) नवरा जर्मनीत असलेली नर्स तिथून आलेल्या राइस कुकरला मिठी मारते. त्याला वासना म्हटलं तर अपुरं पडेल. ती ओढच आहे, आणि ती कळायला परक्या प्रेक्षकाला मल्याळम यावं लागत नाही.

पंचवटीकर: त्या प्रसंगाला ओढ, मान्य. पण 'लिपस्टिक अंडर माय बुर्खा'मधली भोपाळची पंचावन्न वर्षांची बुआजी? चोरून रंगेल कादंबऱ्या वाचते, पोहायला शिकवणाऱ्या तरुणाशी नाव लपवून रात्री फोनवर बोलते. तिच्या शरीराला जे हवंय त्याला ओढ म्हणणं म्हणजे पुन्हा पदर ओढणं. टोकियोच्या महोत्सवात २०१६ साली या सिनेमाला 'स्पिरिट ऑफ एशिया' पुरस्कार मिळाला. आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने २०१७ मध्ये प्रमाणपत्रच नाकारलं, नाकारताना सिनेमा 'स्त्रीकेंद्री' आहे हेही कारण दिलं. अपील न्यायाधिकरणात गेल्यावर 'ए' प्रमाणपत्र मिळालं आणि जुलैत तो लागला.

गोदाकाठ: मग दोन्ही शब्द ठेवते. नर्सपाशी 'ओढ', बुआजीपाशी 'वासना'. टिपणाची सुरुवात अन्नावरच्या वासनेपासून करते, म्हणजे पुढचं वाचायच्या आत कुणी कागद मिटणार नाही. 'सुप्त' खोडलं.