विषय: अर्धी भाकरी आणि मोराची चादर

मंडळी, सप्रेम नमस्कार.
२ जानेवारी २०२५ ला इथे अमेरिकेत अपील कोर्टाने एफसीसीचे, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाचे, नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द केले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवायचं, असे ते नियम. त्यावर आपल्या ईमेल लिस्टवर बरीच हळहळ झाली. मला एक सांगा. भारतात २०१५ मध्ये फेसबुकने 'फ्री बेसिक्स' आणलं. निवडक साइट गरिबाला फुकट. ट्रायने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, ते बंद पाडलं. पूर्ण जेवण देता येत नाही म्हणून भुकेल्याला अर्धी भाकरीही द्यायची नाही का?
— फ्रीमाँटहून

काका, नमस्कार.
गड्ड्याच्या यात्रेला माहेरी सोलापुरात आलेय, तिथूनच लिहिते. आमचं घर पूर्व भागात, खाली दादाचे आठ माग. आज सकाळी वहिनीने ओट्यावर चादर अंथरली, मोराची नक्षी नीट दिसेल अशी. मोबाइलवर बसलेलं सुताचं तूस पदराने पुसलं आणि चार फोटो काढले. एक लांबून, तीन अगदी जवळून, वीण दिसावी म्हणून. भाच्याने केलेल्या त्यांच्या छोट्याशा साइटवर ते दहा मिनिटांत चढले. दुपारी नागपूरहून विचारणा आली.

आता तुमची अर्धी भाकरी. फ्री बेसिक्समध्ये शिरायला फेसबुकच्या अटी होत्या. व्हिडिओ चालत नव्हते, मोठे फोटो चालत नव्हते. चादर विकणाऱ्याने मग दाखवायचं काय? त्याच सुमारास एअरटेल झिरो निघालं. त्यात गिऱ्हाइकाच्या डेटाचे पैसे दुकान भरणार, म्हणजे बड्या दुकानाची साइट फुकट उघडणार आणि दादाची पैसे मोजून. लोक तेव्हा गप्प बसले नाहीत, हे फार बरं झालं. ट्रायकडे १० लाखांवर ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: साइट कोणाचीही असो, डेटाचा दर एकच. मोडला तर दिवसाला ५० हजार दंड, ५० लाखांपर्यंत. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि स्वस्त झालं ते अख्खं इंटरनेट.

एक मात्र तुमचं खरं. समोरच्या मावशी विड्या वळतात. घरात एकच स्मार्टफोन, तो मुलगा कामावर नेतो. बँकेचं काही बघायचं तर रात्री आठनंतर. दर सारखा असून त्यांना काय उपयोग, हे मला टोचत राहतं. त्यांच्या फोनसाठी, रिचार्जसाठी सरकारने खुशाल पैसे घालावेत. पण त्या फोनवर वहिनीची साइटही उघडली पाहिजे.
— सोलापूरहून

पोरी,
फोटोचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पटलं. आमच्या कॅलिफोर्नियाचा २०१८ चा नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा शाबूत आहे, ही इथल्यापुरती जमेची बाजू. पुढच्या बैठकीत या विषयाला अर्धा तास ठेवू. तोवर त्या मावशींना विचारून ये, दिवसा फोन हातात असता तर त्यांनी आधी काय उघडलं असतं?
— फ्रीमाँटहून